आधी माळ, मग नदी, भर दुपारी डबकं

पुण्यातला पक्षी बघणारा माणूस सवयीनं पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी जातो. तिथून दहाच्या सुमारास मुळा-मुठेकाठच्या कवडीला, आणि संध्याकाळी वेळ उरला तर सासवडच्या माळावर. डिसेंबरात हा क्रम चालून जातो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो पार उलटा पडतो. माळावर साडेनऊनंतर जमिनीलगतची हवा थरथरायला लागते आणि चाळीस पावलांवरचा चंडोलसुद्धा पाण्यात हलणाऱ्या सावलीसारखा दिसतो. नदीला थोडा उशीर चालतो, पण बारानंतर तिथं चमक फार. आणि झाडीतले पक्षी पाण्यावर यायला लागतात तेच मुळी दहा-अकरानंतर. म्हणून फाल्गुन-चैत्रात आम्ही पक्ष्यांच्या यादीवरून नाही, उन्हावरून दिवस आखतो: उजाडताना माळ, नऊनंतर नदी, भर दुपारी ओढ्याकाठचं डबकं आणि मावळतीला टेकडी. चार जागा, गाडीचा फेरा सुमारे दीडशे किलोमीटर. पाचवी जागा कोंबायची नाही. पाषाणचा तलाव दर वेळी कुणीतरी सुचवतं. तो घेतला की कुठली तरी एक जागा अर्धवट राहते, आणि बहुधा ती टेकडीच असते.

तयारी आदल्या रात्रीची. दुर्बीण ८×४२ घ्यावी, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची. १०×४२ जास्त जवळ दाखवते, पण हात हलला की चित्रही तेवढंच हलतं आणि अंधूक उजेडात ती कमी पडते. भिंगाच्या व्यासाला पटीनं भागलं की डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी मिळते. आठपटीला ती सव्वापाच मिलिमीटर, दहापटीला ४.२. साडेसहाच्या उजेडात हा फरक चांगलाच जाणवतो. दुर्बीण दुसऱ्या कुणी वापरली असेल तर दोन्ही डोळ्यांचा फोकस पुन्हा जुळवून घ्यावा. उजवं भिंग झाकायचं, पन्नासेक मीटरवरची पाटी डाव्या डोळ्यानं मधल्या चाकावर स्पष्ट करायची. मग डावं झाकायचं, चाकाला हात न लावता फक्त उजव्या डोळ्याची कडी फिरवायची. ही दोन मिनिटं वाचवणारा माणूस दिवसभर डोकं दुखतंय म्हणून तक्रार करतो. चष्मा असेल तर डोळ्याजवळच्या रबरी वाट्या खाली दाबून ठेवाव्यात, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. काचेवर माळाची धूळ बसली की ती शर्टानं पुसायची नाही. आधी फुंकर किंवा ब्रश, मग कापड. त्या धुळीत दगडाचा बारीक चुरा असतो, तो काचेवरचा लेप खरवडतो.

बाकी सामान: माणशी तीन लिटर पाणी, मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, घोट्यावरचे बूट, खिशात मावणारी वही आणि शिसपेन्सिल. पेन नको, उन्हात ते गळतं. अत्तर आणि वासाची क्रीम घरीच राहू द्यावी. सिंहगडाच्या बाजूला कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळं असतात. त्यांना भडकवायला उग्र वास, धूर किंवा आरडाओरडा यातलं काहीही पुरतं.

पहाटे पाचला निघालं की हडपसरवरून दिवे घाट चढून सहाच्या सुमारास सासवडच्या पलीकडे पोचता येतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात सूर्य ६:४० च्या आसपास उगवतो. त्याआधी निदान वीस मिनिटं माळाच्या कडेला गाडी थांबवून काचा खाली घ्यायच्या आणि इंजिन बंद करायचं. या वेळेत कान डोळ्यांपेक्षा जास्त काम करतात. राखी तित्तरांच्या जोड्या एकमेकींना उत्तरं देतात, कुठून तरी टिटवी ओरडते आणि अजून पुरतं दिसत नसतानाच चंडोल गायला लागतात.

माळावर गाडी हाच सगळ्यात चांगला आडोसा. उभ्या माणसाला पाहून शंभर पावलांवरून पळणारा धाविक पक्षी गाडीपासून वीस पावलांवर निवांत चरतो. मात्र चाकं मळलेल्या वाटेवरच ठेवायची, गवतात घालायची नाहीत. मार्चपासून माळटिटवी, धाविक आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. माळटिटवीची आणि धाविकाची अंडी उघड्या मुरमावर असतात. रंग आणि ठिपके असे की पायाखाली आली तरी कळत नाहीत. माळटिटवी डोक्यावरून घिरट्या घालत ओरडायला लागली, की आपण चुकीच्या जागी उभे आहोत. घरटं शोधत बसू नये. आल्या पावलांवर पाऊल ठेवत मागं फिरावं. ती उठल्यावर अंडी उन्हात उघडी पडतात आणि मार्चच्या उन्हाला ती शिजवायला फार वेळ लागत नाही.

चंडोलांचं ओळखणं इथंच शिकावं, कारण गाणारा नर स्वतःच आपली ओळख सांगतो. डोंबारी हा चिमणीएवढा. नराचं पोट काळं, डोकं राखी. पंख फडकवत तो वर वर जातो आणि पंख मिटून दगडासारखा खाली येतो. जमीन जवळ आली की पुन्हा उसळी घेतो, आणि असा प्रत्येक सूर मारताना शीळ घालतो. हे नाव ज्यानं दिलं त्यानं दोरीवरचा खेळ नक्की पाहिलेला असणार. मुरारी मळकट तपकिरी असतो. त्याची शेपूट तांबूस, तिच्या टोकाला काळा पट्टा. बसलेला असताना तो ओळखायला कष्ट पडतात, उडाला की शेपूट पसरते आणि प्रश्न मिटतो. तुरेवाल्या चंडोलांत मात्र गडबड होते. साइक्सचा चंडोल आणि मलबारी चंडोल दोघेही या पट्ट्यात आहेत. साइक्सचा आकारानं लहान, अंगावर तांबूस छटा, छातीवर रेघा थोड्या आणि बारीक. मलबारीच्या छातीवर रेघा ठळक आणि दाट. समोरून छाती दिसेपर्यंत निकाल द्यायचा नाही. पाठ पाहून लिहिलेल्या नोंदी नंतर खोडाव्या लागतात.

ज्याच्या नावानं हा चंडोल ओळखला जातो तो विल्यम हेन्री साइक्स कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी होता. दख्खनची आकडेवारी गोळा करत तो या मुलखात फिरला आणि इथल्या पक्ष्यांची त्याची यादी १८३२ साली छापून आली. गावतळ्यावर आपण रोज पाहतो त्या वंचक बगळ्याचंही शास्त्रीय वर्णन त्याचंच. त्यानं पाहिलेल्या माळाचा बराच भाग आता प्लॉटिंगच्या दगडांनी आखलेला आहे. चंडोल त्या दगडांवर बसून गातात, तेवढाच काय तो त्यांचा उपयोग.

भोवत्यांसाठी हे शेवटचे दिवस. हिवाळ्यात गवतावरून तिरके तरंगत जाणारे हे शिकारी मार्च सरता सरता उत्तरेकडे निघतात. नर सोपे, माद्या आणि पिल्लं अवघड. माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या यांच्या माद्यांत मानेभोवतीची फिकट पट्टी पाहावी, पांढुरक्याची पट्टी जास्त ठळक. मानच नीट दिसली नाही तर ‘भोवत्या, जात नक्की नाही’ एवढंच लिहावं. ही नोंद अपुरी असली तरी खोटी नाही. नुसत्या अंदाजानं जातीचं नाव लिहिलं, तर ते वर्षानुवर्षं कुणाच्या तरी नकाशावर ठिपका होऊन राहतं.

सव्वाआठ-साडेआठपासून आकाशाकडे लक्ष असावं. पखुर्ड्या, म्हणजे माळावरचे कबुतरासारखे पक्षी, सकाळी सूर्य वर आल्यावर पाण्याकडे जातात, दोन-चार-सहाच्या थव्यांनी, वेगानं, सतत घशातून बोलत. आधी आवाज ऐकू येतो, मान वर करेपर्यंत त्या निघून गेलेल्या असतात. म्हणून आवाज आला की त्याच्या दिशेला नाही, तो जातोय त्याच्या थोडं पुढं बघायचं. आसपास शेततळं किंवा पाझर तलाव असेल तर काठापासून लांब थांबावं. पाण्याजवळ माणूस दिसला की थवा दोन घिरट्या घालून तहानलेलाच परततो, आणि त्या दिवसापुरता पुन्हा येईलच असं नाही.

नऊला माळ सोडायचा. आणखी अर्धा तास थांबायचा मोह होतो, कारण नेमका त्याच वेळी खाटीक काटेरी फांदीवर येऊन बसतो आणि नीलपंख तारेवर. पण स्कोपमधून, म्हणजे तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणीतून, बघितलं तर तीसपटीला सगळं उकळताना दिसतं. पट वाढवून उपयोग नाही, पक्ष्याबरोबर हवेची थरथरही मोठी होते. निघण्यापूर्वी मोज्यांतली कुसळं काढावीत. ती तशीच राहिली तर दुपारपर्यंत कातड्यात शिरतात.

दिवे घाट उतरून कवडीला यायला तास-सव्वा तास. सोलापूर रस्त्यावर टोलनाक्याजवळ डावीकडे नदीच्या दिशेनं वळलं की मुळा-मुठेवरचा जुना बंधारा लागतो. आपण दक्षिणेच्या काठावर असतो. दहा-सव्वादहाला सूर्य उजव्या खांद्यामागून येतो, त्यामुळे उत्तर-पश्चिमेकडे पाहताना पक्षी पूर्ण उजेडात असतात. पूर्वेकडे नजर वळवली की नुसत्या काळ्या आकृत्या. म्हणून आधी प्रवाहाच्या खालच्या अंगाला जायचं आणि मग वरच्या दिशेनं परत येत मोजायचं.

जागा सुंदर नाही हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. शहराचं सांडपाणी इथूनच पुढं जातं. बंधाऱ्याखाली फेस असतो, झुडपांना प्लास्टिक लटकलेलं असतं, वास असतोच. तरीही पक्षी इथं का? बंधाऱ्यामुळे पाणी पसरतं आणि खडकांवरून घोट्याएवढं वाहतं. उथळ, हलतं आणि सेंद्रिय घाणीनं भरलेलं पाणी म्हणजे किड्यांच्या अळ्यांचं कोठार. चिखलात चोच घालणाऱ्यांना तेच हवं असतं. मासे धरणाऱ्यांचं तसं नाही, आणि नदी किती बिघडली आहे ते त्यांच्या घटत्या आकड्यांवरून जास्त नीट कळतं. चिखलात चोच घालणाऱ्या शेकाट्यांचे थवे पाहून ‘नदी जिवंत आहे’ म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. खडकांवर उतरायचं असेल तर गमबूट घालावेत. पायाला ओरखडा असेल तर उतरूच नये, आणि पुढचा घास खाण्याआधी साबणानं हात धुवावेत.

मोजणीची पद्धत अशी. पहिली दहा मिनिटं काहीच लिहायचं नाही, सगळ्या पात्रावरून दुर्बीण एकदा फिरवून घ्यायची. मग मोठे, स्थिर पक्षी: चित्रबलाक, उघड्या चोचीचे करकोचे, राखी बगळे, शराट्या. त्यानंतर बदकं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात हिवाळी बदकं पांगत आलेली असतात. थापट्या असतात, चक्रवाकांच्या काही जोड्या असतात आणि बाराही महिने राहणारी हळदी-कुंकू बदकं असतात. चोचीचं टोक पिवळं आणि कपाळाशी दोन लाल ठिपके. एकदा दिसलं की नाव विसरता येत नाही. चोचीचं टोक न पाहता केलेली बदकांची ओळख इथं बऱ्याचदा चुकते, कारण थापट्याची मादी लांबून हळदी-कुंकवासारखीच ठिपक्याठिपक्यांची दिसते. थापट्याची चोच पुढं पसरट होते, चमच्यासारखी. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे, ते दहा किती जागा व्यापतात ते नजरेत पकडायचं आणि तो तुकडा थव्यावर पुढं पुढं ठेवत जायचं. थवा उठण्याच्या आत एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. दोन आकड्यांत फार तफावत आली तर तिसऱ्यांदा.

सगळ्यात शेवटी तुतारी आणि धोबी हे काठावरचे छोटे पक्षी, कारण त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. तुतारींत तिघांचा घोळ आहे. साधी तुतारी शेपटीकडचा भाग सारखा खालीवर हलवते आणि छातीच्या कडेचा पांढरा रंग पंखापुढून खांद्यावर चढलेला असतो. हिरवी तुतारी पाठीला गडद, जवळजवळ काळपट. उडाली की पाठीचा शेवट लख्ख पांढरा आणि पंखांची आतली बाजू काळी दिसते. रान तुतारी पाठीवर ठिपकेदार, पाय पिवळसर, आणि डोळ्यावरची पांढरी भुवई डोळ्याच्या मागे लांब जाते. हिरवीची भुवई डोळ्यापाशीच संपते. उजेड वाईट असेल तर पक्षी उडेपर्यंत थांबावं, पण मुद्दाम उडवू नये. हे पक्षी हजारो किलोमीटरच्या परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत असतात, त्यात आमच्या ओळखपरेडीची भर नको.

धोब्यांच्या बाबतीत मात्र वसंतच मदतीला येतो. जानेवारीत सगळे पिवळट-राखी धोबी सारखेच दिसतात. मार्चमध्ये पिवळ्या डोक्याच्या धोब्याच्या नराचं डोकं लिंबासारखं झालेलं असतं आणि मानेमागं काळी पट्टी उमटते. कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवतीचं पिवळं कडंही आता ठसठशीत दिसतं. नदीसुरयांच्या टोप्या पूर्ण काळ्या होतात, चोची केशरी-पिवळ्या. नरानं चोचीत मासा धरून मादीपुढं मिरवणं याच दिवसांत बघायला मिळतं. ज्यांना हिवाळ्यात पाणपक्षी जमले नाहीत त्यांनी मार्चमध्ये पुन्हा यावं. संख्या कमी असते, पण पिसारा लग्नाचा असतो.

तिथून सिंहगडाच्या पायथ्याला, आतकरवाडीकडे, जायला शहराची गर्दी धरून दीड तास. वाटेत खडकवासल्याच्या फुगवट्याजवळ थांबायला सगळ्यांनाच आवडतं. आम्ही थांबत नाही. बाराच्या उन्हात तिथं पाणी आरशासारखं चमकतं आणि लांबचे ठिपके ठिपकेच राहतात. मात्र रस्त्याकडेला फुललेला पांगारा किंवा पळस दिसला तर गाडी बाजूला घ्यावी. एका भरात आलेल्या पळसावर अर्ध्या तासात पंधरा जाती मोजता येतात: जांभळा सूर्यपक्षी, चष्मेवाला, लालबुड्या बुलबुल, कोतवाल, साळुंकी, भांगपाडी मैना, पोपट, हळद्या. आणि सगळ्यांना हुसकून लावणाऱ्या भोरड्या. या गुलाबी-काळ्या भोरड्या एप्रिलच्या मध्यापर्यंत मध्य आशियाकडे निघून जातात. त्याआधी पळस-पांगाऱ्याच्या मधावर त्यांची झुंबड असते. काहींच्या कपाळावरची पिसं परागांनी पिवळी झालेली असतात आणि नवखे लोक ती वेगळी जात समजतात. एका झाडाखाली बसायचं तर मोजणी ‘एका वेळी जास्तीत जास्त किती’ अशी करावी. येणारा-जाणारा प्रत्येक पक्षी मोजला तर तोच सूर्यपक्षी वीस वेळा लिहिला जातो.

पायथ्याशी आधी जेवून घ्यावं. पिठलं-भाकरी, कांदा, मडक्यातलं दही. पोट हलकं ठेवलं तर डबक्याशी डुलकी येत नाही.

डबक्याचं गणित सोपं आहे. मार्चअखेर ओढा आटतो आणि झाडीत दोन-चार ठिकाणीच पाणी उरतं. धान्य टिपणाऱ्यांना रोज पाणी लागतंच, कारण कोरड्या बियांतून ते मिळत नाही. म्हणून होले, मुनिया, रानचिमण्या आणि युवराज बाराच्या उन्हात येतात. किडे खाणाऱ्यांची तहान बरीचशी किड्यांतूनच भागते. ते येतात आंघोळीला, आणि त्यांची वेळ तीननंतरची. दोन्ही घोळके हवे असतील तर साडेबारा ते चार बसावं लागतं. तासाभरानं कंटाळून उठणारा माणूस स्वर्गीय नर्तकाच्या आधी उठतो, हे ठरलेलंच.

बसायची जागा पाण्यापासून निदान पंचवीस-तीस फूट, झाडाच्या सावलीत, पाठीला खोड. आपली सावली पाण्यावर पडता कामा नये. पाण्याकडे जाणारी एखादी वाळकी फांदी समोर असावी, कारण कुठलाही पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही. आधी उंच फांदी, मग खालची, मग दगड आणि शेवटी पाणी. या पायऱ्या ओळखल्या की दुर्बीण आधीच योग्य जागी रोखून ठेवता येते. पहिला अर्धा तास काहीच येत नाही. तुमच्या येण्यानं उडालेल्यांना परतायला तेवढा वेळ लागतो. सुरुवात बहुधा बुलबुल करतात. त्यांची चाल सुरक्षित दिसली की बाकीचे धीर करतात. अचानक सगळं चिडीचूप झालं तर पाण्याकडे न बघता वर बघावं, शिक्रा आलेला असतो.

टिकेलचा निळा माशीमार दिसण्याआधी ऐकू येतो. बारीक, धातूच्या घंटीसारखी, चढून उतरणारी पाच-सहा सुरांची ओळ. छाती नारिंगी, पोट पांढरं, दोन्हींमधली सीमा स्पष्ट. ठिपकेवाली नाचण शेपटीचा पंखा उघडत-मिटत दगडादगडावरून फिरते. नारिंगी डोक्याचा कस्तूर जमिनीवरून चालत येतो. पाचोळ्याचा आवाज झाला तर साप समजून उठू नये, आधी तो आहे का बघावं. रानचिमणीच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका छोटा असतो आणि मान वर केल्याशिवाय दिसत नाही. हीच ती चिमणी, जिचं नाव विचारायला १९०८ साली शाळकरी वयातले सलीम अली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले होते.

स्वर्गीय नर्तकाबाबत एक चूक हमखास होते. लांब शेपटीचा पांढरा तो नर आणि तांबूस तेवढी मादी, असं सरसकट लिहिलं जातं. नराला पांढरा पिसारा यायला काही वर्षं लागतात. त्याआधी तो तांबूसच असतो, आणि लांब शेपटीचे तांबूस नरही असतात. तेव्हा लांब शेपटीचा तांबूस पक्षी मादी नव्हे. शेपूट आखूड असेल तर मात्र मादी की कोवळा नर हे सोडून द्यावं. आंघोळीला तो बसत नाही. फांदीवरून पाण्यावर झेप, पोट टेकवून परत फांदी, असं चार-पाच वेळा. पहिल्या झेपेला दुर्बीण उचलू नये, तिसऱ्या झेपेपर्यंत तो तुम्हाला विसरतो.

अलीकडे डबक्यांवर गर्दी वाढली आहे, तिच्यासोबत मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही. विणीच्या हंगामात नर ते प्रतिस्पर्ध्याचं आव्हान समजतो, खाणं सोडून भांडायला येतो आणि ज्याच्याशी भांडायचं तो सापडत नाही. आवाज ऐकून नाव सुचवणाऱ्या ॲपचं वेगळं, त्यानं पक्ष्याला त्रास होत नाही. मात्र त्याचं उत्तर सूचना म्हणून घ्यावं. कोतवाल शिक्र्याची नक्कल करतो आणि ॲप शिक्रा लिहून मोकळं होतं.

चारला उठून सव्वापाचपर्यंत वेताळ टेकडी. शहराच्या मधोमध सुमारे ८०० मीटर उंचीचा हा माथा. चढावर गिरिपुष्पाची लागवड आहे, लोक तिला उंदीरमारी म्हणतात. मार्चमध्ये ती गुलाबी दिसते आणि फोटोला छान असते. खाली मात्र दुसरं काही फारसं उगवू देत नाही. पक्षी बघायचे तर खुरट्या बोरी-बाभळीच्या आणि उघड्या खडकाच्या भागात जावं. चीरक दगडावर शेपूट उभारून गात असतो, सातभाईंची टोळी पाचोळा उलटत जाते आणि झाडीतून पावशाचा सूर चढत जातो. खाणीतल्या पाण्यावर संध्याकाळी मोर उतरतात. फिरायला येणाऱ्यांची त्यांना सवय झालेली आहे, कुत्र्यांची नाही. मोकळं कुत्रं दिसलं तर तो भाग सोडून पुढं जावं.

यादीचं काम उजेड आहे तोवर इथंच बसून पुरं करावं. चार जागांच्या चार वेगळ्या याद्या, प्रत्येकीवर सुरुवातीची वेळ, एकूण मिनिटं, चाललेलं अंतर आणि माणसं किती. सगळा दिवस एकाच यादीत कोंबला तर माळावरचा धाविक कवडीच्या पाण्यात जाऊन बसतो आणि ती नोंद कुणाच्याच कामाची राहत नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना ओळखलेले सगळे पक्षी लिहिले असतील तरच यादी पूर्ण म्हणून नोंदवावी. कावळे, साळुंक्या, पारवे गाळून नाही. आमच्या याद्या साधारण अशा येतात: माळ पंचवीस-तीस जाती, कवडी चाळीसच्या आसपास, सिंहगडाचा पायथा चाळीस ते पन्नास, टेकडी पंचवीस. दुबार नावं वगळून शंभराच्या अलीकडे-पलीकडे. नव्वद आले म्हणून दिवस वाया गेला असं नाही, आणि शंभरावा गाठायला अंधारात धावपळ करण्यात अर्थ नाही.

सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं खडकावर शांत बसायचं, बॅटरी बंद. पिंगळे आधी बोलतात. मग खालच्या उतारावरून रातव्याचा आवाज येतो. फरशीवर टाकलेली गोटी उसळत, उड्या जवळजवळ आणत थांबावी तसा: टुक, टुक, टुक-टुक-टुर्रर्र. दिसला नाही तरी यादीत लिहायचा, पुढं ‘फक्त आवाज’ अशी खूण करून. उतरताना वाटेच्या मधोमध काहीतरी लाल चमकलं तर बॅटरी लगेच बाजूला घ्यावी. तो रातव्याचा डोळा. रातवा वाटेवरच बसलेला असतो, त्याला ओलांडून जायला कडेला जागा असते.